कर्ज, पण नाव नको

आपल्याकडील अर्थविषयक लेखनात, आणि त्याहून अधिक दिवाणखान्यातील चर्चेत, जर्मनीचे एक चित्र कायमचे टांगलेले असते. जर्मन कुटुंब उधारीवर जगत नाही. ते आधी साठवते, मग विकत घेते. पाकिटात कार्डांपेक्षा नोटा अधिक बाळगते. आणि अमेरिकी कुटुंबे २००८ साली ज्या खाईत कोसळली तिच्या काठावरून ते शांतपणे चालत गेले. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही आपलीच म्हण आपण विसरलो आणि त्यांनी आचरली, असा एक सुस्काराही या चर्चेत मिसळलेला असतो. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. बुंडेसबँकेच्या २०२३ सालच्या पाहणीत दैनंदिन खरेदीच्या व्यवहारांपैकी ५१ टक्के रोखीने झालेले आढळले. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय संघात सर्वांत कमी असलेल्या देशांत जर्मनीची गणना होते, आणि घरच नाही म्हटल्यावर घरकर्जही नाही. नेदरलँड्स किंवा डेन्मार्कच्या मानाने जर्मन कुटुंबांच्या डोक्यावरील बोजा हलका दिसतो याचे एक साधे कारण हे आहे. प्रश्न चित्राचा नाही, त्यातून काढल्या जाणाऱ्या नैतिक तात्पर्याचा आहे. आमच्या मते कर्जाच्या तिटकाऱ्याने तेथील उधारीचा बाजार आटला नाही. त्याने उधारीला निरनिराळी सभ्य नावे मात्र दिली. आणि ज्यांना ही नावे परवडली नाहीत, त्यांच्या कपाळी मूळ शब्द त्याच्या सगळ्या काळिम्यासह राहिला.

तो मूळ शब्द म्हणजे ‘शुल्ड’. जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे दोष, अपराध. आणि त्याचे अनेकवचन ‘शुल्डन’ म्हणजे देणी, कर्ज. नीत्शेने १८८७ सालच्या नीतीच्या वंशावळीवरील आपल्या ग्रंथात याच जोडीवर बोट ठेवले होते: अपराधाची नैतिक कल्पना देणेकरी आणि घेणेकरी यांच्या अगदी ऐहिक व्यवहारातून उगवली, असा त्याचा दावा. तो दावा इतिहास म्हणून टिकतो की नाही हे तज्ज्ञ पाहोत. भाषेचे वजन मात्र खरे आहे. आपल्या ‘ऋण’ शब्दाला असा वास नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांसह माणूस जन्मालाच येतो, आणि ‘आम्ही आपले ऋणी आहोत’ असे आपण भर सभेत अभिमानाने म्हणतो. याचा अर्थ आपल्याकडे कर्जाची लाज नाही असा नव्हे. सावकार दारात उभा राहिला की काय होते ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्याला ठाऊक आहे. पण ती लाज लोकांच्या नजरेतून येते, शब्दातून येत नाही.

या तिटकाऱ्याचे ठरलेले स्पष्टीकरण १९२३ सालच्या महाभाववाढीचे दिले जाते. हे स्पष्टीकरण आम्हांला नेहमीच उलटे वाटत आले आहे. त्या वर्षी ज्यांनी आयुष्यभर साठवले त्यांची पुंजी कागदाच्या मोलाची झाली, आणि ज्यांनी कर्ज काढले होते त्यांचे कर्ज जवळजवळ फुकटात फिटले. १९४८च्या चलनबदलात बँकेतील ठेवी पुन्हा एकदा कापल्या गेल्या. अनुभवातून धडा घ्यायचाच तर तो ‘साठवू नका, उसने घ्या’ असा निघायला हवा होता. तो निघाला नाही, यावरून बचतीची ही निष्ठा स्मरणापेक्षा शिकवणुकीतून आली असावी असे दिसते. ती शिकवणूक पद्धतशीर होती. १७७८ साली हॅम्बुर्गमध्ये गरिबांसाठी बचतपेढी निघाली. पुढे शाळाशाळांतून मुलांच्या हाती पैशाची पेटी आली. १९२५पासून ऑक्टोबरअखेरीस ‘जागतिक बचत दिन’ साजरा होऊ लागला. बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाने २०१८ साली या विषयावर एक प्रदर्शनच भरवले, आणि त्याच्या नावात बचतीला ‘जर्मन सद्गुण’ म्हटले होते.

आता याच देशाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. तिची चर्चा कमी होते, म्हणून थोडे रेंगाळतो. शिलाईयंत्र, फर्निचर असल्या वस्तू हप्त्याने विकण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकातच इतका फोफावला होता की १८९४ साली जर्मन साम्राज्याला हप्तेखरेदीवर स्वतंत्र कायदा करावा लागला. १९२६ साली क्योनिग्सबर्ग शहरात वाल्टर कामिन्स्की याने ग्राहकांना खरेदीसाठी उधार देणारी एक संस्था काढली. हे कांटचे गाव. कर्तव्याच्या तत्त्वज्ञानाचे आणि हप्त्यांचे गाव एकच निघावे हा योगायोग आम्हांला मोठा रंजक वाटतो. ती संस्था पुढे १९७३ साली अमेरिकी सिटीकॉर्पने घेतली, आणि आज ती फ्रेंच मालकीखाली टार्गोबँक या नावाने हप्त्यांचीच कर्जे देते.

बर्लिनची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील वीज कंपनीला वीज खपवायची होती, आणि वीज खपण्यासाठी घरोघरी इस्त्री, चूल, निर्वातझाडू पोहोचायला हवे होते. लोकांकडे एकरकमी पैसे नव्हते. कंपनीकडे मात्र एक अमोल वस्तू होती: कोण आपले वीजबिल वेळेवर भरतो याची नोंद. जो भरतो त्याला उपकरण हप्त्याने द्यायचे, हप्ता बिलासोबत वसूल करायचा. या नोंदीची उपयुक्तता इतरही विक्रेत्यांच्या लक्षात आली, आणि १९२७ साली तिच्यातून ‘शूफा’ ही संस्था जन्मली. आज तिच्याकडे सुमारे ६.८ कोटी लोकांची माहिती आहे. ज्या देशात म्हणे कोणी कर्ज काढत नाही, त्या देशाने कर्जदारांची अशी नोंदवही आपल्याकडील सिबिलच्या, म्हणजे २००० सालच्या, तब्बल ७३ वर्षे आधी उघडली होती.

युद्धानंतर टपालाने माल विकणाऱ्या पेढ्यांनी पुढची पायरी गाठली. हॅम्बुर्गच्या ओटोने १९५० साली आपली पहिली सूची काढली. तीत जोडे होते, आणि ते बिलावर मिळत. माल आधी घ्या, पैसे नंतर पाठवा. ही ‘बिलावर खरेदी’ जर्मन ग्राहकाला इतकी मानवली की आंतरजालावरील दुकानांतही ती त्याची आवडती पद्धत होऊन बसली आहे. विचारा त्याला, तुम्ही उधारीवर घेतले का? तो म्हणेल, छे, बिलावर घेतले. १९६०च्या दशकात पगार खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा ‘डिस्पो’ नावाची सोय पसरली: खात्यात शिल्लक नसतानाही पगाराच्या दुप्पट-तिपटीपर्यंत पैसे काढता येतात, अर्ज न करता, कारण न सांगता. तिचे व्याज बहुधा दहा टक्क्यांच्या वर असते, साध्या हप्तेकर्जाहून बरेच महाग. पण हप्तेकर्ज काढायचे तर बँकेत जाऊन ‘मला कर्ज हवे’ असे म्हणावे लागते. डिस्पोमध्ये काही म्हणावे लागत नाही. ते न म्हणण्याचीच ही किंमत आहे, असे आम्हांस वाटते. विजेच्या वस्तूंच्या दुकानांतील ‘शून्य टक्के’ योजनेत तर कर्जाला ‘अर्थसाहाय्य’ म्हटले की झाले.

यात फसवणूक आहे असे कोणी म्हणेल, तसे नाही. ही माणसे कर्ज चोख फेडतात. शूफाच्याच आकड्यांप्रमाणे हप्त्यांची सुमारे ९८ टक्के कर्जे ठरल्याप्रमाणे फिटतात. आमचा आक्षेप उरलेल्यांशी होणाऱ्या वागणुकीवर आहे. क्रेडिटरिफॉर्म या संस्थेच्या पाहणीनुसार २०१८ साली जर्मनीत सुमारे ६९ लाख प्रौढ, म्हणजे दर दहांत एक, कर्जात बुडालेले होते. पुढील वर्षांत हा आकडा ६० लाखांच्या खाली आला. हे लोक उधळे म्हणून बुडाले अशी सर्वसाधारण समजूत. संघीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी कारणे देते, आणि त्यांत आजारपण, बेकारी आणि संसार मोडणे ही कारणे सातत्याने वरच्या ओळीत असतात.

आणि कायदा? १९९९पूर्वी बुडालेल्या सामान्य माणसाला सुटकाच नव्हती. न्यायालयाने मान्य केलेले देणे तीस वर्षे पाठीस लागे. १९९९च्या कायद्याने सुटकेची वाट काढली, आणि आता ती तीन वर्षांवर आली आहे. ही सुधारणा मोठी आहे, तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण शब्द पाहा. या सुटकेला म्हणतात ‘रेस्टशुल्डबेफ्रायुंग’, उरलेल्या ‘शुल्ड’पासून मुक्ती, आणि तिच्या आधीच्या वाट पाहण्याच्या काळाला व्यवहारात म्हणतात ‘सद्वर्तनाचा काळ’. हा शब्द दिवाळखोरीचा की तुरुंगाचा, असा प्रश्न पडावा. मुक्तीनंतरही शूफाची वही ही नोंद तीन वर्षे बाळगीत असे, सरकारी नोंद सहा महिन्यांत पुसली जात असूनही. २०२३ साली प्रकरण युरोपीय न्यायालयात उभे असताना शूफाने ती मुदत सहा महिन्यांवर आणली, आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला न्यायालयाने तीन वर्षांची साठवण बेकायदा ठरवली.

ज्या राष्ट्राने कुटुंबाला हे व्याकरण शिकवले, ते स्वतः कसे बोलते? २००८ सालच्या डिसेंबरात अँगेला मेर्केल यांनी श्टुटगार्ट येथे ‘श्वाबेन प्रांतातील गृहिणी’ हा आदर्श जगापुढे ठेवला, आणि २००९ साली राज्यघटनेत कर्जाला लगाम घातला गेला. ग्रीसला दिलेली शिकवण सर्वांना आठवतच असेल; १९५३च्या लंडन करारात जर्मनीच्या स्वतःच्या बाहेरील कर्जाचा सुमारे अर्धा भाग माफ झाला होता, हे त्या वेळी फार थोड्यांना आठवले. मग २०२२ साली सैन्यासाठी १०० अब्ज युरो उभारायचे झाले, आणि मार्च २०२५मध्ये पायाभूत कामांसाठी ५०० अब्ज. हे पैसे कर्जाऊच होते. पण त्यांचे अधिकृत नाव ‘झोंडरफरम्योगन’, म्हणजे विशेष संपत्ती. बिलावर जोडे घेणारा ग्राहक आणि हे सरकार एकाच शाळेत शिकले आहेत.

मराठी वाचकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असे विचारले जाईल. नाते जुने आहे. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, तेव्हा शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो असेच अनेक जण म्हणत होते. दंग्यांच्या चौकशी आयोगाने मात्र या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. पुढे मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतसंस्था अभ्यासल्या आणि उपाय म्हणून बोट दाखवले ते एका जर्मन माणसाकडे, ऱ्हाइनकाठच्या फ्रीडरिश रायफायझेनकडे. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे त्याची कल्पना आहे, आणि आपल्या गावोगावच्या सोसायट्यांचे मूळ तेथवर जाते. म्हणजे कर्ज काढणाऱ्याला सभासद म्हणणारी, त्याला बैठकीत बसवून मत देऊ देणारी परंपराही जर्मनीचीच. ती शेताच्या आणि धंद्याच्या कर्जापुरती राहिली. बैलासाठी काढलेले ते भांडवल आणि बायकोच्या शिलाईयंत्रासाठी काढलेली ती चैन, हा भेद तिलाही ओलांडता आला नाही.

आज पुण्या-नागपूरहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलाला व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आपण कुणावर भार होणार नाही याचा पुरावा म्हणून. यांतल्या अनेकांचे ते पैसे घर तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जाचे असतात. तेथे पोहोचून खोली शोधू लागला की घरमालक शूफाचा दाखला मागतो, आणि तेथल्या वहीत याचे नावच नसते. आयुष्यात जर्मनीत एक पैशाचे कर्ज काढले नाही, हे त्याच्या बाजूने मोजले जात नाही.

युरोपीय संघाचा ग्राहककर्जाविषयीचा नवा नियम २० नोव्हेंबर २०२६पासून लागू व्हायचा आहे. ‘आता घ्या, नंतर द्या’ या पद्धतीलाही तो कर्जाच्या व्याख्येत आणतो. दुकानदाराने स्वतः, बिनव्याजी आणि थोड्या मुदतीसाठी दिलेली उधारी त्यातून वगळली आहे. छोट्या दुकानांना पन्नास दिवस, आंतरजालावरील मोठ्या दुकानांना चौदा. पंधराव्या दिवशी त्या जोड्यांच्या खरेदीला जर्मन गृहिणी काय म्हणते, ते पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.