आरोग्यविचार : देहातील नाजूक यंत्र

अलिबागहून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे मामंजी मधुमेही असून रोज इन्सुलिनची सुई घेतात. कोणा स्नेह्याने त्यांस ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांची बाटली दिली. ‘हिच्या योगाने स्वादुपिंड पूर्ववत काम करील’ असे सांगितले, आणि मामंजी सुई सोडण्याच्या बेतात आहेत. आमचे उत्तर प्रथमच सांगतो : डॉक्टरांच्या संमतीवाचून सुई एक दिवसही बंद करू नये. आता त्याचे कारण.

स्नेह्यांच्या बोलण्यात सत्यांश नाही असे नव्हे. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्सुलिन निर्माण करतात, त्यांना बीटा पेशी म्हणतात. रक्तातील साखर आत घेऊन, ती जाळून, तिच्या प्रमाणात त्या इन्सुलिन सोडतात. या ज्वलनात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये उत्पन्न होतात. त्यांचा नाश करणारी कॅटॅलेजादी विकरे यकृतात विपुल असतात. परंतु उंदरांच्या बीटा पेशींत ती फारच अल्प असल्याचे 1996 साली दिसून आले. मानवी पेशींची स्थिती काहीशी बरी आहे, इतकेच. रक्तात साखर दीर्घकाळ चढी राहिली म्हणजे या पेशी होरपळतात व इन्सुलिनची निर्मिती मंदावते.

निसर्गाने हे रक्षण इतके तोकडे का ठेवले? अलिबागकरांस परिचित असा एक दाखला देतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकमापक यंत्रे बिघडणार, म्हणून 1904 साली ते कार्य अलिबागेस आणले गेले. जे यंत्र सूक्ष्म फरक टिपते, ते बाह्य उपद्रवानेही लवकर विचलित होते. बीटा पेशींचेही तसेच असावे. पेरॉक्साइडचा अल्प अंश हाच त्यांस साखरेचा इशारा देतो, असे काही संशोधकांचे मत आहे. तो इशाराच पुसून टाकला तर हित होईलच असे नाही.

प्रयोगांचा कौलही दुहेरी आहे. काही उंदरांत बीटा पेशींतील ही विकरे वाढविल्याने विषारी द्रव्यांपासून त्यांचे रक्षण झाले. उलट 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उपजत मधुमेहप्रवण उंदरांत कॅटॅलेज वाढविले असता रोग अधिक लवकर उद्भवला. ई जीवनसत्त्वादी गोळ्या हजारो माणसांस वर्षानुवर्षे देऊन पाहिल्या, परंतु त्यांनी मधुमेह टळला नाही.

वेधशाळा उपद्रवापासून दूर नेता आली. स्वादुपिंड हलविता येत नाही. म्हणून उपद्रवच कमी केला पाहिजे. मित आहार, नित्य चालणे आणि वेळेवर घेतलेली सुई यांनी साखर आटोक्यात राहते व उरल्यासुरल्या पेशींवरील भार हलका होतो. 1921 साली टोरांटो येथे इन्सुलिन हाती येण्यापूर्वी कित्येक मधुमेही मुले उपचारावाचून दगावत. मामंजींस हे वाचून दाखवावे, आणि ती बाटली त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवावी.