मोजलं तर पाहिजे ना!

28 फेब्रुवारी 2001 ची रात्र. मी तेव्हा जनगणनेच्या कामावर प्रगणक होतो. घरोघरची गणना आटोपली होती, पण ज्यांना घरच नाही त्यांना त्या एकाच रात्री मोजायचं, असा नियम. एस. टी. स्टँडच्या मागे पाटे-वरवंटे विकणारं एक कुटुंब झोपलं होतं. बॅटरीच्या उजेडाने घरधनी दचकून उठला. त्याला वाटलं, हाकलायला आले. मी नाव-वय लिहून वही मिटणार, तोच त्याची बायको म्हणाली, "गुरुजी, हिचं ऱ्हायलं की!" चिरगुटात गुंडाळलेली आठ-दहा दिवसांची पोर. अजून बारसंही नव्हतं. तिलाही मोजलं.

खरं सांगायचं तर आम्ही शिक्षक या कामाच्या नावाने खडे फोडायचो. पण त्या रात्री सायकल मारत घरी येताना बरं वाटलं होतं, एवढं खरं.

1881 पासून दर दहा वर्षांनी हे काम आपल्याकडे झालं. 1941 साली महायुद्ध चालू होतं, तरी झालं. 2021 ला मात्र चुकलं. तुम्ही म्हणाल, कोरोना होता. होता ना! पण तो काय एकट्या आपल्याकडे होता? नेपाळने 2021 मध्ये गणना केली, बांगलादेशने 2022 मध्ये, पाकिस्ताननेसुद्धा 2023 मध्ये. आपण मात्र प्रशासकीय सीमा गोठवण्याची मुदत तेवढी पुन्हापुन्हा वाढवत बसलो. मधल्या काळात नवं संसद भवन बांधून झालं, मे 2023 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. 2024 च्या लोकसभेला 96 कोटींच्या वर मतदारांच्या याद्या तयार झाल्या, भर उन्हाळ्यात मतदान झालं. म्हणजे मनात असलं की माणूस सापडतो. मत मागायचं असलं की तर हमखास!

अखेर जून 2025 मध्ये अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. सहा वर्षांचा उशीर. विरोधकही या प्रश्नावर खऱ्या अर्थाने तावातावाने बोलले ते जातींच्या आकड्यांसाठी. नुसती माणसं मोजा म्हणून कोणी रस्ता अडवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं डोक्यात यायला कारण आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई. त्यांच्या केशरी कार्डावर सुनेचं आणि दोन नातवंडांचं नाव चढत नाही. मी स्वतः त्यांच्याबरोबर जाऊन आलो. उत्तर मिळालं, "इष्टांक संपलाय, गुरुजी." समोरचा कारकून माझाच विद्यार्थी निघाला. रागवायचं तरी कोणावर?

हा इष्टांक कुठून आला ते पाहा. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरातल्या 50 टक्के लोकांना धान्य देतो. पण लोक किती? तर 2011 च्या गणनेतले, 121 कोटी. त्यावरून 81 कोटी 35 लाख ही मर्यादा ठरली. आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकलं, असं संयुक्त राष्ट्रांनी 2023 मध्ये सांगितलं. म्हणजे 140 कोटींच्या वर. त्यांचे दोन तृतीयांश धरले तर 93-94 कोटी होतात. सातवीचं गणित आहे हो! दहा-बारा कोटी माणसं हिशेबाच्या बाहेर, आणि प्रत्येकामागे महिन्याला पाच किलो धान्य. माझ्या पेन्शनीत पाच किलोचं काही नाही. बाईंच्या घरात तिघांचे पंधरा किलो होतात.

असो. परवा बाईंनी विचारलं, "मग गुरुजी, मोजायला कधी येणार?" मी तारखा सांगितल्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "तवर धाकटा शाळेत जायला लागंल."

आणि मोजणीनंतर आकडे जाहीर व्हायला, इष्टांक बदलायला किती दिवस जातील, ते मी त्यांना सांगितलं नाही.