संघमित्राची सुमित्रा कोणी केली?

काही महिन्यांपूर्वी नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात माझ्या टेबलाशी एक पक्षकार भगिनी येऊन बसली. घटस्फोटाचे प्रकरण. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. दोन वर्षांपासून रात्रीची झोप नाही, जेवणाची वासना नाही. ‘एखाद्या समुपदेशकाला भेटा ताई, वकिलाकडे यावर औषध नाही,’ असे मीच तिला सांगितले होते. ती चार वेळा जाऊन आली आणि प्रकरणात जोडण्यासाठी समुपदेशकबाईंचे लेखी टिपण घेऊन आली. कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर थांबलो. नाव दुसऱ्याच बाईचे होते.

तिचे खरे नाव मी येथे लिहिणार नाही. आपण तिला संघमित्रा म्हणू; खरे नावही त्याच जातकुळीचे आहे. (‘जातकुळी’ हा शब्दही बघा, कसा आपल्या लेखणीतून न बोलावता उतरतो.) कागदावर लिहिले होते ‘सुमित्रा’. नोंदणी फोनवरून झाली होती, नुसत्या पहिल्या नावाने. ऐकणाऱ्याने जे ऐकले ते वहीत उतरले आणि चार बैठका त्याच नावाने झाल्या.

मी वैतागलो. दुसऱ्याच नावाचा कागद न्यायालयात दाखल करून उपयोग काय? समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला त्याचा चोळामोळा करील. ‘चार वेळा गेलात आणि एकदाही सांगितले नाही?’ असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. ती गप्प. मग हळूहळू म्हणाली, ‘सर, पहिल्यांदा वाटले, मलाच नीट ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा ठरवले, निघताना सांगू. निघताना त्यांनी पुढची तारीख दिली आणि राहून गेले. तिसऱ्यांदा सांगायचे म्हणजे इतके दिवस का नाही सांगितले, हे आधी सांगावे लागणार. शेवटी शेवटी तर मी बोलत होते आणि मला वाटत होते, हे सुमित्राचे चालले आहे. माझे राहूनच गेले.’

एवढे बोलून ती थांबली आणि मग जे बोलली ते मला आजपर्यंत विसरता आलेले नाही. ‘आणि खरे सांगू का? सुमित्रा म्हटल्यावर त्या आडनाव विचारत नव्हत्या.’

वाचकहो, समुपदेशकाने नाव चुकवले तर समोरच्याला काय वाटते, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकात असे देतात की त्याला आपण दुर्लक्षित झालो असे वाटते, विश्वास ढळतो. ते खरेच आहे. स्वतःचे नाव माणसाच्या कानात किती खोल रुजलेले असते, हे नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ साली प्रयोगाने दाखवले. एका कानात चाललेल्या मजकुराकडेच लक्ष द्या, असे सांगितलेले असतानाही सुमारे एक तृतीयांश लोकांना दुसऱ्या कानातले स्वतःचे नाव ऐकू आले. बाकी काहीही ऐकू आले नव्हते. ज्या शब्दाला माणूस असा जागा असतो, तोच शब्द मन मोकळे करण्याच्या खोलीत चुकला तर मन मिटणारच. हे कोणत्याही जातीच्या माणसाचे होईल. जोशीबाईंना ‘जोगबाई’ म्हटले तर त्यांनाही राग येईल. पण जोशीबाई ताबडतोब म्हणतील, ‘अहो, जोग नव्हे, जोशी.’ दुरुस्ती करायला त्यांना दोन सेकंद लागतील आणि एक पैही खर्च होणार नाही.

आमच्या संघमित्राला मात्र त्या दुरुस्तीची किंमत मोजावी लागते. संघमित्रा म्हटले की पुढचा प्रश्न येतो, ‘आडनाव?’ त्याच्या पुढचा, ‘गाव कुठले?’ तो विचारला नाही तरी चेहऱ्यावर उमटतो. चुकीचे नाव हा तिच्यासाठी अपमानही होता आणि आडोसाही. अपमान सहन करून आडोशाला उभे राहणे आपल्या लोकांना नवे नाही. भाड्याने खोली शोधताना आपली शिकली सवरली मुले हेच करतात. पण खोली मिळवण्यासाठी घेतलेला आडोसा वेगळा आणि मनाच्या उपचाराच्या खोलीत घेतलेला वेगळा. जिथे काहीही लपवायचे नाही म्हणून माणूस पैसे भरून बसतो, तिथेच तो पहिल्या अक्षरापासून लपला तर उपचार होतो कोणाचा?

त्या समुपदेशकबाई जातीयवादी आहेत असा माझा आरोप नाही. त्या दिवसभरात कितीतरी लोकांची दुःखे ऐकतात, थकतात. पण ‘नाव अवघड होते’ ही सबब मला मान्य नाही. ‘हृषीकेश’ हे नाव उच्चारायला सोपे आहे काय? ‘त्र्यंबकेश्वर’ म्हणताना नाशिकमध्ये कोणाची जीभ अडखळते? कान सवयीने घडतो, आणि कोणती नावे कोणाच्या घरात, कोणाच्या पंगतीत, कोणाच्या मित्रमंडळात ऐकू येतात ते या देशात जात ठरवते. म्हणून धम्मपालचा ‘धर्मपाल’ होतो, यशोधराची ‘यशोदा’ होते. कोणी मुद्दाम करत नाही, आणि तरी चूक नेहमी एकाच दिशेने घडते. यशोदेची यशोधरा झालेली कोणी ऐकली आहे काय?

आमच्या नावांचा हा इतिहास जुना आहे. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा दंडकच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात घालून दिला आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जळाली, पण धोंड्या, दगड्या, कचऱ्या ही नावे पुढेही शाळेच्या हजेरीपटावर राहिली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच. एका माणसात दोन नावांची माणसे राहतात आणि एकाला दुसऱ्यापुढे मन मोकळे करावे लागते, हे आमच्या साहित्याने कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी लिहून ठेवले. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आईबापांनी मुलांना सिद्धार्थ, संघमित्रा, राहुल, सुजाता ही नावे दिली तेव्हा ती हौस नव्हती. गावाने दिलेले नाव टाकून आपण निवडलेले नाव घेणे ही त्या माणसांच्या आयुष्यातली पहिली मालकी होती. ज्यांच्या सातबाऱ्यावर काही नव्हते त्यांनी लेकरांना नाव दिले. ते नाव कोणी निष्काळजीपणे खोडले तर नुसते एक अक्षर चुकत नाही.

आणि नाशिककरांना तर हे सांगायला नको. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घातलेला होता. त्याला आक्षेप घ्यायला उभे राहिले ते आपल्या नाशिकचे भाऊराव गायकवाड, म्हणजेच कर्मवीर दादासाहेब. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांना ते नको आहे, एवढा साधा मुद्दा. सरकार पक्षाने बहुमताच्या जोरावर तो फेटाळला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून बाहेर पडले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपण दर २ मार्चला आठवतो; हा सभात्याग मात्र फारसा कोणाला आठवत नाही. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा चालला, पोचिराम कांबळेंसारख्यांनी जीव दिला. खुद्द बाबासाहेबांचे आडनाव उत्तरेत वर्षानुवर्षे ‘अंबेडकर’ असे लिहिले गेले. ते ‘आंबेडकर’ लिहावे असा आदेश उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली काढला. तो कोणी आणि कशासाठी काढला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कायद्याचे म्हणाल तर अमेरिकेतला एक खटला मी नवोदित वकिलांना नेहमी सांगतो. १९६३ साली अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. सरकारी वकील तिला नुसते ‘मेरी’ म्हणत होता. तिने सांगितले, ‘मिस हॅमिल्टन’ म्हणाल तर उत्तर देईन. गोऱ्या बायकांना त्या राज्यातल्या न्यायालयांत मानाने पुकारण्याची रीत होतीच. न्यायाधीशाने बेअदबी म्हणून तिला पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम केली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. हॅमिल्टनबाईंना कैद परवडली. चुकीच्या हाकेला ओ देणे परवडले नाही.

आपल्याकडे काय? हा अॅट्रॉसिटीचा गुन्हा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी उत्साही कार्यकर्ता अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जाईल. जातीवाचक शिवीगाळ वेगळी आणि ही निष्काळजी वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ने उपचार मिळण्यात धर्म, जात, वर्ग, लिंग यावरून भेदभाव होता कामा नये असे बजावले आहे. कलम २८मध्ये तक्रारीचाही हक्क आहे, पण तो मानसिक आरोग्य आस्थापनांतल्या सेवेबद्दल. कॉलेजरोडवर दोन खुर्च्या टाकून बसलेल्या समुपदेशकाला तो लावणे कठीण. आणि लावला तरी ‘माझे नाव चुकवले’ एवढ्या तक्रारीवर कोण कान देणार?

तरीही हा विषय आज काढण्याचे कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. मानसिक आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, खासगी क्लासेससुद्धा धरून, किमान एक पात्र समुपदेशक असला पाहिजे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर वंचित गटांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात आहे. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. त्यानंतर इतक्या वर्षांनी ही वाक्ये कागदावर आली. आता नाशिकमधल्या कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये समुपदेशक नेमले जातील, काही खरोखर, काही कागदोपत्री. सुरगाण्याहून, पेठहून, येवल्याहून आलेली आपली मुले त्यांच्यासमोर बसतील, आणि पहिला प्रश्न नावाचाच असेल.

संवेदनशीलतेचे प्रशिक्षण म्हणजे एक दिवसाची कार्यशाळा, चहा, बिस्किटे आणि प्रमाणपत्र, हे आपण ओळखून आहोत. म्हणून मी कार्यशाळेपेक्षा फॉर्मकडे बघा म्हणतो. समुपदेशनाच्या फॉर्मवर आडनावाची, जातीची जागा कशासाठी हवी? सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढायला लावला. जो रकाना नाशिकरोडच्या कारागृहातून जायला हवा तो कॉलेजच्या समुपदेशन कक्षात कशाला राहावा? नाव ज्याचे आहे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे, समुपदेशकाने ते मोठ्याने वाचावे आणि ‘बरोबर म्हटले का?’ असे विचारावे. चूक सापडली तर दुरुस्त करण्याचा बोजा समुपदेशकावर असावा, आधीच मोडून आलेल्या माणसावर नव्हे. याला एक पैसाही खर्च येत नाही. आपल्या विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांकडे निवेदन घेऊन जाताना एवढे तरी त्यात घालावे.

हे लिहिताना मला माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. सुरगाणा तालुक्यातल्या एका आदिवासी पक्षकाराचे नाव माझ्या टंकलेखकाने ‘सुधारून’ लिहिले होते, घरचे छोटेखानी नाव त्याला गावंढळ वाटले म्हणून. मी न वाचता सही केली. तारखेला पट्टेवाल्याने त्या सुधारलेल्या नावाने पुकारा केला. तो म्हातारा दाराशीच बसून होता, पण हे आपले नाव आहे हे त्याला कळले नाही. प्रकरण गैरहजेरीत निकाली निघाले. ते पुन्हा उभे करायला मला आठ महिने लागले आणि त्याला किती खेपा, ते मी मोजले नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. ‘साहेब, तुम्ही लिहिले म्हणजे बरोबरच असेल वाटले,’ एवढेच म्हणाला. संघमित्रावर आवाज चढवताना हा म्हातारा मला आठवायला हवा होता.

ती पाचव्यांदा गेली. माझ्या आग्रहाने नव्हे. तो कागद दुरुस्त झाल्याशिवाय प्रकरण पुढे जाईना म्हणून. तिने सांगितले, ‘मॅडम, माझे नाव सुमित्रा नाही.’ बाई क्षणभर ओशाळल्या, माफी मागितली, फाइल तिच्यापुढे सरकवली आणि ‘तुम्हीच लिहा’ म्हणाल्या. तिने लिहिले. त्या दिवशी पहिल्यांदा ती तिथे तासभर बोलली, असे तिनेच मला सांगितले. टिपणाचे मात्र अजून झालेले नाही. संगणकात नाव सुमित्राच आहे. ते बदलायला तिथल्या स्वागतकक्षाने अर्ज आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आहे. आधार कार्डावर आडनाव आहे. अर्ज मी लिहून दिला आहे. झेरॉक्स द्यायची की नाही, ते तिने अजून ठरवलेले नाही.