वीस ग्रॅमचा क्विनोआ

परवा सकाळी आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी हातात एक पाकीट घेऊन दारात उभ्या. "दादा, तुम्ही पेपरात लिहिता. ह्यात काय काय हाय, जरा वाचून सांगा की. मालकांना शुगर निघालीय. दुकानदार म्हणला, ह्या पिठाच्या चपात्या घाला, शुगर उतरते."

पाकिटावर ठळक अक्षरांत 'क्विनोआ आटा'. किंमत किलोला १६० रुपये. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटक : गहू, सोयाबीन, ओट्स आणि सगळ्यात शेवटी क्विनोआ, २ टक्के.

दोन टक्के म्हणजे किलोमागे २० ग्रॅम. क्विनोआ किलोला ४०० रुपये धरला तरी हे झाले ८ रुपये. बाकी बहुतेक गहूच. दळण, पिशवी, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन, सगळं मोकळ्या हातानं धरा. तरी हिशोब १६० पर्यंत कसा पोचतो, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता कुणी म्हणेल, पत्रकाराला क्विनोआचं वावडं दिसतंय. अजिबात नाही. गेल्या वर्षी आईच्या शुगरसाठी मीच अर्धा किलो आणला होता. गिरणीत नेला तर गिरणीवाले अण्णा हसले. "काय ओ पत्रकार, पोपटाचे राळे आणले का काय? एवढंसं दळण चक्कीतच बसंल, हातात गव्हाचंच पीठ येईल." बोलले खरं. मग घरीच दळायचं ठरवलं.

क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो. पाण्यात चोळला की साबणासारखा फेस येतो. पाकिटातला बहुधा धुतलेला असतो, तरी आम्ही बारीक चाळणीत घेऊन फेस थांबेपर्यंत पाच-सहा पाण्यांतून काढला. सुती पंचावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवला. ओल राहिली तर दाण्याला लगेच मोड येतात. मग कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजला, गार केला आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थोडा थोडा, थांबत थांबत फिरवला. मैद्याच्या चाळणीनं चाळलं, वर राहिलेला भरडा परत फिरवला. हे पीठ लवकर खवट होतं, म्हणून डबा फ्रीजमध्ये.

एवढं करून भाकरी? थापायला घेतली तर चिरा. यात ग्लुटेन नाही. शेवटी निम्मं ज्वारीचं पीठ घालून, उकड काढून भाकरी जमली. आई म्हणाली, "बरी हाय. पण ज्वारीनंच तोललीय."

ज्यानं एकदा घरी दळलंय त्याला कळतं, २० ग्रॅम म्हणजे किती. दोन चमचे. दोन चमच्यांवर पाकिटाला नाव द्यायचं आणि शुगरवाल्याच्या भीतीवर धंदा करायचा, याला माझा विरोध आहे.

आणि खरा क्विनोआ तरी औषध आहे का? त्यात शंभर ग्रॅमला साधारण १४ ग्रॅम प्रथिनं आहेत, चांगलीच आहेत. पण आपला उपासाचा राजगिराही त्याच्या जवळपास जातो आणि ज्वारीत १० च्या आसपास मिळतात. क्विनोआचा निम्म्याहून जास्त भाग पिष्टमय पदार्थांचाच आहे. शिवाय बारीक पीठ अख्ख्या दाण्यापेक्षा लवकर पचतं. म्हणजे शुगरवाल्यानं क्विनोआ खायचाच तर भातासारखा शिजवून, मोजून खाल्लेला बरा.

हे धान्य बोलिव्हिया-पेरूच्या डोंगराळ पठारावरचं. आपल्या चाकवताच्या अगदी जवळच्या नात्यातलं. २०१३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआचं म्हणून साजरं केलं. जगभर मागणी वाढली, भाव आभाळाला भिडले, लागवड वाढली आणि दोन वर्षांत भाव कोसळले. फॅशनवर पिकणाऱ्या धान्याचं असंच होतं. पडलेल्या भावाचा मार तिथल्या शेतकऱ्यानंच खाल्ला.

इकडं आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली भारताच्याच पुढाकारानं जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. त्यातही बाजारात आपण "जरा कमी करा की" म्हणत शेतकऱ्याशी घासाघीस करतो आणि दोन चमच्यांच्या पाकिटाला गुपचूप १६० मोजतो. लाज कुणाला वाटायला पाहिजे?

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची, असा नियम आहे. जे पहिलं, ते सगळ्यात जास्त. पाकीट उलटं करा, मग पैसे काढा. आणि "शुगर उतरते" असं सांगून कुणी पीठ विकत असेल तर बिल जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तक्रार लिहून द्यायला मी बसलोय, पैसे नकोत.

राहिल्या मावशी. मी सगळं वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "दादा, मालकांनी आठ दिस झालं गोळी बंद केलीय. म्हणत्यात, एवढं महागाचं पीठ खातोय, आता गोळी कशाला?"

त्याच दुपारी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. साखर तीनशेच्या वर निघाली. गोळी परत सुरू झाली.

ते १६० रुपये गेले, जाऊ द्या. पण ते आठ दिवस कुणाच्या नावावर लिहायचे?