गेटावरचा दलाल हटवा! नव्या पोराला काम हक्कानं मिळालं पाहिजे!



गावाकडं एक एकर रान आणि तीन भाऊ. पोरगा बारावी होतो, नाहीतर दहावीलाच सुटतो, आणि पिशवी उचलून पुण्याला, मुंबईला, भिवंडीला नाहीतर इचलकरंजीला निघतो. त्याला व्यासपीठावरची मोठी माणसं काय ऐकवतात? "शहरात काम काय कमी आहे? हवं तेवढं पडलंय. शिक्षण लागत नाही, अनुभव लागत नाही. आज या, उद्या कामाला लागा. पोरांनाच करायला नको!"

या बोलण्याला आम्ही जबाब देणार आहोत. आम्ही म्हणजे सूतगिरणीत, मागावर, फ्रेमवर राबणारी माणसं. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. तेव्हापासून गाव सोडून शहरात काम मागायला जाणं हा आमच्या घराण्यांचा इतिहास आहे. आमच्या पणज्यांनी गेटावर उभं राहून काम मागितलं, आज्यांनी मागितलं, बापांनी मागितलं. तेव्हा 'सोपं काम' म्हणजे काय चीज आहे, हे आम्हाला व्यासपीठावरून कुणी शिकवू नये.

आमचं म्हणणं एका वाक्याचं आहे. ज्या कामाला शिक्षण लागत नाही, त्या कामाला दलाल लागतो!

का लागतो? हिशेब सरळ आहे. जे काम शंभरांतला कुणीही करू शकतो, तिथं काम येणं न येणं याला किंमत राहत नाही. किंमत येते ती शंभरांतून एकाला निवडणाऱ्या बोटाला. ते बोट ज्याच्या हातात, तो ते विकतो. मालक त्याला विकू देतो, कारण त्यात मालकाचं काही जात नाही. जातं ते नव्या पोराचं.

गिरण्यांत ते बोट जॉबरचं होतं. सकाळी भोंगा झाला की गेटावर बदल्यांची गर्दी. आत कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी बाहेरचा एक आत. कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवणार. काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार, नाही तर पुन्हा दुसऱ्या पाळीला येऊन उभं राहायचं. डॉफरचं काम एका दिवसात शिकता येत होतं. पण ते मिळवायला महिनोन्‌महिने जॉबरच्या मागं हिंडावं लागत होतं, त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं लागत होतं. बाया काम करीत त्या वायंडिंग खात्यात नायकीण होती; तिथंही तीच तऱ्हा.

आणि हा जॉबर परका होता काय? नाही, बंधूंनो. तो आमच्याच तालुक्याचा, आमच्याच जातीचा, आमच्याच बोलीत बोलणारा. "आपला माणूस" म्हणूनच आम्ही त्याच्या दारात जात होतो. म्हणून सांगतो, नुसती बोली एक असली म्हणजे लुटारू भाऊ होत नाही. कुंपणच शेत खातं तेव्हा कुंपण कुठल्या लाकडाचं, हे विचारून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट. 'सोपं काम सगळ्यांना खुलं' हेही खोटं होतं. साचेखात्यात पगार जास्त. पण कांडी बदलली की धोट्याला तोंड लावून सूत ओढावं लागे, आणि त्या निमित्तानं अस्पृश्य मानलेल्या आमच्या भावांना साचेखात्याचं दार बंद होतं. त्यांनी कमी पगाराच्या खात्यातच राहायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघड मांडला. पहिलं काम कोणत्या खात्यात मिळालं, त्यावर माणसाचा सगळा जन्म ठरत होता. मग पहिल्या कामाचं दार ही लहान गोष्ट कशी?

मग नवा माणूस टिकला कशावर? मालकाच्या दयेवर नाही. गावकीच्या गाळ्यावर टिकला. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपणारे. खानावळवाल्या बाईच्या उधारीवर टिकला. बदलीला काम नाही म्हणून तिनं ताट काढून घेतलं नाही. वहीत लिहून ठेवलं. याच बायांनी प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकारानं १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. म्हणजे मालकाला गेटावर स्वस्त माणूस तयार मिळावा म्हणून त्या माणसाला पोसलं कुणी? खानावळवालीनं आणि गावाकडच्या म्हाताऱ्या आईनं! गिरणीचा नफा मोजताना ही बाजू कुणी मांडली नाही.

हा अन्याय सरकारला ठाऊक नव्हता असं नाही. इंग्रजांच्या रॉयल कमिशननं १९३१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की कामावर घ्यायची आणि काढायची सत्ता जॉबरच्या हातून काढा. १९३५ साली मालक संघानं बदली कंट्रोल योजना आणली. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना कार्डं, आणि कार्डवाल्यालाच बदली. १९५० साली मुंबईत गिरणी कामगारांची नावं नोंदवून भरती करायची योजना आली. यातलं काहीच आपोआप आलं नाही. लाखालाखाचे संप झाले, युनियनचा धाक बसला, तेव्हा मालकाच्या लक्षात आलं की गेटावरचा गोंधळ आपल्याही अंगाशी येतो.

तरीही बदली ती बदलीच राहिली. वर्षानुवर्षं 'तात्पुरता'! १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीला कायम करा हीही त्यांची मागणी होती. पुढं काय झालं ते सांगायला नको. भोंगे थांबले, चिमण्या पडल्या, जागांवर टॉवर आणि मॉल उभे राहिले.

आणि आता गंमत पाहा. त्याच जागेवर, त्याच टॉवरच्या गेटावर, गिरणी कामगाराचा नातू निळा शर्ट घालून बारा तास उभा आहे. तो कुणाचा नोकर? टॉवरवाल्याचा नाही. एजन्सीचा. जॉबर गेला आणि एजन्सी आली! जॉबर एका खात्याचा धनी होता. एजन्सी शंभर गेटांची धनी आहे.

आमच्या ओळखीच्या पोरांचं काय झालं ते सांगतो. एकाकडून 'नोंदणी फी' घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. एकाच्या पहिल्या पगारातून गणवेश, बूट आणि ओळखपत्र यांचे पैसे कापले. एकाचा दहावीचा मूळ दाखला ठेवून घेतला, की काम सोडून जाऊ नये. एकानं सहा वर्षं एकाच कारखान्यात काम केलं, पण कागदावर कंत्राटदार चारदा बदलला, म्हणून तो दर वेळी 'नवीन'. एकजण घरोघर जेवण पोचवतो. त्यात गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, पडला तर हाडही त्याचंच. आणि एक दिवस फोनमधलं त्याचं खातं बंद होतं. का बंद झालं हे विचारायला समोर माणूसच नाही! जॉबरच्या निदान तोंडावर बोलता तरी येत होतं.

याला तुम्ही सोपं काम म्हणता? काम सोपं नाही. काढून टाकणं सोपं आहे!

आता दोन शंका येतात, त्यांचा निकाल लावू.

पहिली शंका : "बाहेरून लोक येतात, म्हणून आपल्या पोरांना काम नाही." बंधूंनो, बिहारच्या किंवा ओडिशाच्या पोरालाही तोच दलाल उचल देऊन आणतो आणि उचलीत अडकवतो. अडकलेला माणूस कमी पैशात जास्त तास उभा राहतो. मग तोच दलाल मराठी पोराला म्हणतो, "तुझ्यापेक्षा तो स्वस्त." दोघांना झुंजवून लोणी तिसराच खातो. भूमिपुत्राला न्याय मिळालाच पाहिजे. पण तो दलाल हटवून मिळेल, दुसऱ्या उपाशी पोराच्या पाठीत दगड मारून नाही.

दुसरी शंका : "दलाल हटवला तर भरती होणार कशी?" अहो, हे आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे! बाजारात ओझी वाहणारे माथाडी कामगार कुणाच्या हातात होते? टोळीच्या मुकादमाच्या. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याचं नाव बोर्डात, हमालाचं नाव बोर्डात. मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. ज्या कामाला जगात सगळ्यांत हलकं समजतात, त्या पाठीवर ओझं वाहण्याच्या कामाला फंड मिळाला! त्या बोर्डाच्या नावावर वसुली करणारे नकली पुढारीही निघाले, ते आम्ही झाकत नाही. पण उंदीर झाले म्हणून कुणी कणगी जाळत नाही.

याच वाटेनं १९८१ साली सुरक्षारक्षकांचा कायदा झाला, बोर्डं झाली. पण त्यात सूट देण्याचं कलम होतं, आणि त्या फटीतून एजन्सीवाले पुन्हा आत आले. १९५९ च्या रोजगार विनिमय केंद्रांच्या कायद्यानं मालकाला जागा कळवायला बांधलं, पण केंद्रातलाच माणूस घ्यायला बांधलं नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या कामाला तर तो कायदाच लावला नाही. ज्याला कामाची सर्वांत निकड, त्यालाच वगळलं! यातून शिकायचं ते हे : अर्धा कायदा म्हणजे दलालाला पूर्ण रस्ता.

आमच्या मागण्या अशा :

१. काम देण्यासाठी कामगाराकडून एक पैसाही घेणं हा गुन्हा ठरला पाहिजे. फी म्हणा, अनामत म्हणा, गणवेश म्हणा, नाव काहीही असो.

२. शहराशहरात कामगारांची नोंदणी करणारी बोर्डं झाली पाहिजेत. नोंदीच्या क्रमानं काम, आणि बोर्डावर कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी.

३. कंत्राटदार बदलला तरी कामगाराची नोकरी मोडता कामा नये. काम ज्याच्या जागेवर, जबाबदारी त्याची.

४. फोनवरून काम देणाऱ्या कंपनीनं खातं बंद करण्याआधी लेखी कारण द्यावं आणि कामगाराचं म्हणणं ऐकावं.

५. नेमणुकीचा कागद मराठीत पाहिजे. १ मे १९६० ला राज्य मराठी भाषेचं झालं. त्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं, आमच्या माणसांनी गोळ्या झेलल्या. आणि आज त्यांचा नातू न कळणाऱ्या इंग्रजी कागदावर अंगठ्यासारखी सही करतो! ज्या कागदावर पोट अवलंबून, तोच कागद आपल्या भाषेत नसेल तर भाषेचं राज्य कुणाच्या कामाचं?

आणि जो पोरगा उद्याच गाडीत बसणार आहे, त्याला चार गोष्टी आजच सांगा. कामासाठी पैसे देऊ नकोस. मूळ दाखला कुणाच्या हातात देऊ नकोस, नक्कल दे. पगार बँकेत माग, फंडाचा नंबर माग, आणि रोज किती तास उभा राहिलास ते स्वतःच्या वहीत लिही. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतलं पुष्कळ आम्हाला मान्य नाही. पण नेमणूकपत्र द्यायलाच हवं, असं त्यांतही आहे. ते मागायला लाजू नकोस. आणि शहरात उतरलास की एजन्सीच्या आधी युनियनचं ऑफिस शोध. आपल्या आज्यांना गाळ्यानं आणि खानावळीनं जे दिलं, ते आज युनियननंच द्यायचं आहे : झोपायला चार दिवस जागा, आणि काम मागायला जाताना सोबत चार माणसं.

एकटा पोरगा गेटावर गेला तर तो गरजू असतो. पन्नासजण गेले तर ती मागणी असते!

गेटावरचा दलाल हटलाच पाहिजे!
नव्या कामगाराला नोंदीनं काम मिळालंच पाहिजे!
कामगार एकजुटीचा विजय असो!