बाळंतपणाच्या रजेचा खर्च एकट्या मालकाच्या माथी नको

मा. ॲड. आकाश फुंडकर,
कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा पालकमंत्री, अकोला जिल्हा



आपण खामगावचे. कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्याची आणि मजुराची कशी ओढाताण होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहिते आहे. मी अमरावती-अकोल्यातल्या लहान दुकानांची आणि कारखान्यांची पगारपत्रके करते, पीएफ-ईएसआयची चलने भरते. प्रसूती रजेचा वाद माझ्यासमोर रोज हजेरीपटाच्या रूपाने येतो.

गेल्या वर्षी अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात पगारवाढीची यादी करत होते. दुकानात बारा माणसे. हिशेब पाहणारी मुलगी कामाला चोख, जीएसटीची रिटर्न एकटी सांभाळते. पगार २० हजार. मालकांना तो २२ हजार करायचा होता. यादीवर सही करताना ते थांबले आणि म्हणाले, ‘मॅडम, हिले एकवीसच्या आतच ठेवलं तर? दिवाळीनंतर लग्न हाये तिचं.’

साहेब, कायद्यातली खोट त्या एका प्रश्नात दिसते. पगार २१ हजारांपर्यंत असला की माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असतो. मालक दरमहा ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के, २० हजारांवर ते ६५० आणि १५० रुपये होतात. तिला मूल झाले की २६ आठवड्यांचा पगार ईएसआयच्या निधीतून मिळतो. मालकाच्या गल्ल्यातून जास्तीचा रुपयाही जात नाही. पगार २२ हजार झाला की ती ईएसआयबाहेर पडते आणि तेच २६ आठवडे सगळेच्या सगळे मालकाच्या अंगावर येतात: सुमारे १ लाख ३२ हजार रुपये. तिच्या जागी बसवलेल्या माणसाचा पगार वेगळा. त्या मुलीचा पगार शेवटी २०,८०० ठरला. का, ते तिला कुणी सांगितले नाही.

त्या मालकांना मी दुष्ट म्हणणार नाही. लग्नसराई आणि दिवाळी सोडली तर त्यांचे दुकान जेमतेम चालते. बारा माणसांच्या दुकानाला आणि बाराशे माणसांच्या कंपनीला कायदा एकाच मापाने मोजतो, आणि दुकानात दहापेक्षा कमी माणसे असली तर कायदाच लागू होत नाही. आपल्याकडची कितीतरी दुकाने त्या दहाच्या खालीच आहेत. तिथल्या बाईने दिवस भरत आले की नोकरी सोडायची, हीच रीत आहे.

२०१७ मध्ये संसदेने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, ते योग्यच झाले. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध हवे, असे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलेले असते. मग आईला घरी राहू देणे भागच आहे. पण पैसे कुणी द्यायचे? १५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या रजेतले सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याची योजना आखत असल्याचे केंद्राने २०१८ च्या नोव्हेंबरात सांगितले. मी ज्यांची कागदपत्रे पाहते, त्यांपैकी कुणालाही त्यातला पैसा आलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा तिच्यात सामावला. आठवडे २६ च राहिले आणि पैसे देणाराही तोच राहिला.

१९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हाही आक्षेप खर्चाचाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. मालकालाही मोकळे सोडले नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचाही फायदा असतो. मुंबईत १९२९ मध्ये कायदा झाला, मध्य प्रांतात १९३० मध्ये. बाबासाहेबांचा युक्तिवाद मात्र अर्धाच कायद्यात उतरला. मालकाचा वाटा आला, सरकारचा राहून गेला. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. पुढे बायका दिसेनाशा झाल्या. यंत्रे बदलली, बायकांना रात्रपाळीची बंदी झाली, कारणे बरीच होती, पण बाई महाग पडते हा हिशेबही त्यांत होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा करार सांगतो की हा भार एकेकट्या मालकावर टाकू नये. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

आता माझा हिशेब पाहा. समजा हजार कामगार आहेत, बायका-पुरुष मिळून, सरासरी पगार २२ हजार. वर्षाला त्यांत वीस बायकांची बाळंतपणे झाली, असे धरू. सगळ्यांचा २६ आठवड्यांचा पगार होतो २६ लाख ४० हजार. तो हजार जणांच्या नावे वाटला तर माणशी महिन्याला २२० रुपये, म्हणजे पगाराचा एक टक्का. मालक, कामगार आणि राज्य शासन यांनी तो मिळून एका पालकत्व निधीत भरायचा. मग दुकानात बाई असो की पुरुष, मालकाची वर्गणी तेवढीच, आणि मुलाखतीत ‘लग्न झालं का?’ विचारण्याचे कारणच उरत नाही. मूलबाळ नसलेला कामगार म्हणेल, मी का भरू? त्याच्या म्हातारपणी दवाखाना, बँक, एसटी चालवायला माणसे कुठून येणार आहेत, एवढेच मी त्याला विचारेन.

अशी व्यवस्था आपल्या खात्याला नवी नाही. बांधकाम कामगार मंडळ बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेते आणि नोंदीत कामगाराच्या घरी नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार, शस्त्रक्रियेला २० हजार देते. त्यासाठी कुठल्याही ठेकेदाराला बाई कामावरून काढावी लागत नाही. कामगार कल्याण मंडळाची वर्गणी तर दर सहा महिन्यांनी मी स्वतःच भरते, कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५. वसुलीची वाट तयार आहे. तिच्यात पालकत्व निधीचा एक रकाना वाढवा.

त्या रकान्यात बापही असू द्या. अकोला जंक्शनवरच्या रेल्वे कर्मचाऱ्याला मूल झाले की १५ दिवसांची पगारी रजा मिळते. एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये पोती उचलणाऱ्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे विधेयक मांडले होते. त्यात १५ दिवसांची रजा होती, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय होती, आणि कामगार, मालक, केंद्र सरकार यांच्या वर्गणीतून निधी उभारण्याची तरतूदही होती. ते मंजूर झाले नाही आणि सातव २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने गेले. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी त्याच विषयावर खासगी विधेयक मांडले. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. हे काम सरकारनेच हाती घ्यावे लागेल.

बाप घरी बसून काय करणार, असे आपल्याकडे विचारतात. पहिले बाळंतपण माहेरी, मग जावयाचे काय काम? पण आता तिची आईही कुठेतरी नोकरीला असते, सिझर झालेले असते, वरचे पोर तीन वर्षांचे असते. टाके ओले असताना बाळाचे लंगोट धुणारा आणि औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहणारा माणूस लागतो. त्याचा खर्चही फार नाही. वर धरलेल्या हजार कामगारांत चाळीस बापांना १५ दिवसांचा पगार दिला तर माणशी महिन्याला ३७ रुपये पडतात. आणि पुरुषही रजेवर जायला लागला की महाग पडणारी म्हणून एकट्या बाईकडे बोट दाखवता येणार नाही.

शेतातल्या बाईचे काय, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. दर्यापूरकडे जाताना वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. आत दीड-दोन महिन्यांचे बाळ, आणि आई दोन तासांनी वेचणी सोडून दूध पाजायला येते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून तेवढाही वेळ तिला परवडत नाही. तिला कुणी मालक नाही, हजेरीपट नाही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार मिळतात. २६ आठवड्यांवर वाटले तर दिवसाला २७ रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६ हजारांचे वचन दिले होते. पालकत्व निधीत शासनाचा जो वाटा येईल, त्यातला पहिला रुपया या बाईसाठी ठेवा. तीन महिन्यांच्या किमान वेतनाएवढी तरी रक्कम तिच्या खात्यात पडू द्या.

अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. एक हजार एकरांवर शिलाईच्या यंत्रांपुढे आपल्याच मुली बसणार आहेत. पन्नास कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे आहे, आणि अनेक आस्थापनांनी मिळून एक चालवायलाही संहितेच्या ६७ व्या कलमात मुभा आहे. पार्कच्या नकाशातच पाळणाघराची जागा आखून घ्या. इमारती उभ्या राहिल्यावर ती कुणी देणार नाही.

संहितेखालचे राज्याचे नियम आपल्या खात्यातून निघतात आणि कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्याला कायदा करता येतो. नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात पालकत्व निधीचे विधेयक मांडा. त्याआधी अकोल्यात व्यापारी, कामगार संघटना आणि शेतमजूर बायकांची एक बैठक बोलवा. माझी पगारपत्रके घेऊन मी त्या बैठकीला येईन.

आपली,
पगारपत्रके लिहिणारी एक नागरिक,
अमरावती