शेगडीतलं बिऱ्हाड

पाऊस परतला, हवेत जरा गारवा आला आणि वलसाडकडच्या रस्त्यांवर उंबाडियूचे मटके लागले, की आपल्यालाही अंगणात काहीतरी भाजावंसं वाटू लागतं. सिल्व्हासात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांची खानवेलला सुटीची घरं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अंगणांत बार्बेक्यूची शेगडी आहे. जूनमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या या शेगडीचं झाकण दिवाळीच्या सुमाराला उचललं जातं, तेव्हा आत पुष्कळदा कुणीतरी आधीच मुक्कामाला असतं. भाताचा पेंढा, सुकं गवत, प्लास्टिकच्या चिंध्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात काळ्या लेंड्या. उंदरांनी बिऱ्हाड थाटलेलं असतं.

तसं पाहिलं तर जागा त्यांनी हुशारीनं निवडलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. साकरतोडच्या काठची भातखाचरं भरली, की बांधांतली बिळं पाण्यात जातात. अशा वेळी वर झाकण, आत कोरडं, जाळीला गेल्या हिवाळ्यातली चरबी आणि तळाला तेल निथळायचं भोक अशी आयती खोली मिळाली, तर कोण सोडेल? लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते.

‘त्यात काय, पेटवून द्या, सगळं जळून जाईल,’ हा सल्ला मी दरवर्षी ऐकतो. तो धोक्याचा आहे. पेंढा आणि चरबी एकदम भडकतात. शेगडी गॅसची असेल तर उंदरांनी रबरी नळी कुरतडलेली असू शकते, आणि बर्नरच्या नळ्यांत पेंढा कोंबलेला असेल तर गॅस भलतीकडून बाहेर येतो. म्हणून आधी सफाई, मग आग.

ही सफाईही नुसता झाडू घेऊन करायची नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू बाहेर पडतात आणि ओलाव्यात टिकून राहतात. हातापायाला कापलं-खरचटलं असेल, तर तिथून ते अंगात शिरतात. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर मुंबईत या आजाराची साथ आली होती. सुरत, नवसारी, वलसाड या शेजारच्या जिल्ह्यांत पावसाळ्याच्या शेवटी शेतमजुरांना तो वर्षानुवर्षं छळतो आहे. अमेरिकेतल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 1993 मध्ये तिथल्या नैर्ऋत्य भागात उंदरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरणारा हंता विषाणूचा जीवघेणा आजार ओळखला गेला. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, हा नियम तिथे तेव्हापासून घरोघरी सांगितला जातो. तो आपणही पाळावा.

मी करतो ती पद्धत अशी. आधी लांब काठीनं शेगडीला दोन-चार टकटक, आणि झाकणही काठीनंच उचलायचं. उंदराच्या मागावर साप येतो, आणि या भागात घोणस आणि नाग दोन्ही आहेत. साप दिसला तर लांब व्हायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. जिवंत पिल्लं दिसली, तर झाकण थोडं उघडं ठेवून एक रात्र थांबावं. आई बहुतेक वेळा त्यांना उचलून दुसरीकडे नेते.

मग सिलिंडर काढून लांब ठेवायचा. रबरी हातमोजे, बंद बूट आणि मास्क घालायचा. बाटलीतलं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं ताजं मिश्रण करून घरट्यावर, लेंड्यांवर हलकेच शिंपडायचं आणि किमान पाच मिनिटं भिजू द्यायचं. यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. भिजलेला कचरा दुहेरी पिशवीत बांधून टाकायचा. आतला भाग पुन्हा त्याच पाण्यानं पुसायचा आणि साध्या पाण्यानं नीट धुवायचा, नाहीतर ब्लीच लोखंड खातं. जाळ्या काढून गरम साबणाच्या पाण्यात नारळाच्या काथ्यानं घासायच्या. तारेचा ब्रश नको, त्याची तुटलेली तार जाळीत राहून घासातून पोटात जाऊ शकते. सगळं उन्हात खडखडीत वाळवायचं. कव्हरही धुवायचं, कुरतडलेलं असेल तर बदलायचं.

गॅसच्या नळीवर दाताची एक जरी खूण दिसली, तरी नळी नवी घ्यायची. जोडल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. मग झाकण उघडं ठेवून शेगडी पेटवायची, ज्योत सगळीकडे सारखी आहे ना ते पाहायचं आणि पदार्थ ठेवण्याआधी अर्धा तास रिकामीच तापवायची.

उंदरांचं विष मात्र ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा वाडीतल्या कुत्र्यानं खाल्ला, तर तेही मरतात. त्यापेक्षा पावसाळ्यापूर्वी चरबी खरवडून काढा, तेलाचा ट्रे घरात ठेवा आणि तळाच्या भोकाला बारीक जाळी लावा.

आता मुद्द्याचं बोलतो. हे काम आपल्यापैकी किती जण स्वतः करतात? आपण शुक्रवारी फोन करतो, ‘रविवारी पाहुणे आहेत, शेगडी जरा साफ करून ठेव.’ पलीकडे घर सांभाळणारा माणूस सकाळभर शेतात कापणी करून आलेला असतो. पाय अनवाणी, बोटांना विळ्याचे चरे. तो त्याच हातांनी घरटं ओढून काढतो. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. मजुरी बुडू नये म्हणून तो अंगावर काढतो. शेगडीचा आणि तापाचा संबंध त्याला कुणी सांगितलेला नसतो. लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत निकामी करतो.

म्हणून फोन करण्याआधी हातमोजे, बूट आणि ब्लीचची बाटली त्या घरात पोहोचलेली असू द्या. नाहीतर काम रविवारी स्वतः करा, पाहुणे तासभर थांबतील. आणि सफाईनंतर महिनाभरात त्याला ताप आला, तर त्याला दवाखान्यात घेऊन जा आणि ‘यानं उंदरांचं घरटं काढलं होतं,’ हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. त्या एका वाक्यानं निदानाचे दोन दिवस वाचू शकतात.